एपॉक्सी रेझिनांतील अब्जांश पूरके

उच्च विद्युत् दाबाच्या उपकरणांतील एपॉक्सी रेझिनाचे निरोधन सुधारण्यासाठी त्यात सिलिका, ॲल्युमिना, टिटॅनियम डाय-ऑक्साइड इ. मृत्तिका पदार्थांचे सामान्यतः १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण मिसळतात. त्यांना अब्जांश पूरके म्हणतात.

एपॉक्सी रेझिनांचा विकास स्वित्झर्लंडमध्ये प्येअर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे केला. सिबा कंपनीने १९४६ मध्ये ‘ॲरल्डाइट’ बाजारात आणले. पुढे ओतीव निरोधकांसाठी ही रेझिने वापरात आली. पण तापविल्यावर शुद्ध रेझीन तांब्याच्या तिप्पटीहून अधिक प्रसरण पावते व संवाहकालगत तडे जातात. म्हणून त्यात वजनाने सुमारे ६०% क्वॉर्ट्झची पूड घालण्याची पद्धत रूढ झाली. ही पूड स्वस्तही होती. तिचे कण मात्र काही मायक्रोमीटर व्यासाचे असल्याने त्यांच्या कडांशी विद्युत् क्षेत्र एकवटते.

बँगोर (वेल्स) येथील टी. जे. लूइस यांनी १९९४ मध्ये एका सैद्धांतिक निबंधात या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. कण व रेझीन यांमधील काही नॅनोमीटर जाडीचा सीमास्तरच निरोधकाचे गुणधर्म ठरवू शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. १० मायक्रोमीटर व्यासाच्या कणांच्या १ ग्रॅ. सिलिकेचे पृष्ठफळ पाव चौ. मी.च्या आसपास असते. तोच व्यास २० नॅनोमीटर केल्यास ते सु. १३५ चौ. मी. होते. म्हणजे थोड्या पूरकानेही बरेचसे रेझीन सीमास्तरात येते.

प्रायोगिक पुष्टी मिळण्यास काही वर्षे लागली. जे. के. नेल्सन व जे. सी. फॉदरगिल यांनी २००२–०४ या काळात टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या अब्जांश कणांमुळे निरोधकात साठणारा विद्युत् भार कमी होतो, असे दाखविले. मायक्रोमीटर आकाराच्या त्याच पदार्थाने तसे होत नव्हते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील २००८ मधील निष्कर्ष तर अनपेक्षितच होता : टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा अपारक स्थिरांक रेझिनाच्या कितीतरी पट असूनही अल्प प्रमाणात ते मिसळल्यावर मिश्रणाचा स्थिरांक शुद्ध रेझिनापेक्षा कमी भरला. कणपृष्ठाशी रेझिनाच्या रेणुशृंखला जखडल्या जातात, असे याचे स्पष्टीकरण देतात.

प्रयोगशाळेतील हे यश कारखान्यात उतरविणे कठीण ठरले. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात व मूळ हेतूच विफल होतो. शिवाय कणपृष्ठे पाणी धरून ठेवत असल्याने दमट हवेत गुणधर्म बिघडतात. यावर कणांना सिलेनाचा लेप देतात. काही टक्के अब्जांश पूरकाने प्रसरण फारसे आटोक्यात येत नसल्याने क्वॉर्ट्झची पूड टाळता येत नाही. म्हणून जपानमध्ये २००६ मध्ये स्तरित सिलिकेटाचे अब्जांश कण व नेहमीची सिलिका एकत्र वापरून पाहण्यात आली. अशा मिश्रणाने स्थिर प्रत्यावर्ती दाबाखाली रूढ ओतीव रेझिनापेक्षा बराच अधिक काळ तग धरला.