बोटीवरची नोकरी आणि बंदरावरची माणसे

सासष्टी आणि बारदेश या गोमंतकाच्या दोन महालांत, मुंबईच्या धोबीतलाव-माझगाव भागात आणि बाणकोट-दाभोळपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर ‘अमक्याचा मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य कित्येक पिढ्या उच्चारले जात आले आहे. ऐकणाऱ्याला त्यातून घराची सांपत्तिक स्थिती, मुलाच्या लग्नाची शक्याशक्यता आणि आईच्या मनाची अवस्था एकदमच कळून येते. आज हॉटेल व्यवस्थापनाची पदविका हाती घेऊन एखाद्या अवाढव्य क्रूझवर चाकरी धरावी की न धरावी असा विचार करणारा तरुण ही वाट नवीन समजतो; तिच्यावरील झगमगाटाची छायाचित्रे तर खरोखरच नवीन आहेत. परंतु ही वाट दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिचा इतिहास नीट वाचला असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते: या नोकरीतले सुखदुःख बोटीवर भोगावे लागत असले तरी ते ठरते बंदरावर, भरतीच्या दाराशी आणि परतीच्या आसऱ्यात.

पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे आपल्याकडे पी अँड ओ या नावाने सर्वतोमुखी झालेली कंपनी, हिला १८४० साली इंग्लंडच्या राणीची सनद मिळाली. १८४२ साली तिची आगबोट सुएझ आणि कलकत्ता यांच्या दरम्यान धावू लागली, आणि १८५४ साली सुएझ-मुंबई टपालाचे काम ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून तिच्याकडे आले. केवळ हौसेखातर समुद्रपर्यटन करण्याची कल्पनाही याच कंपनीने लवकर जोखली होती. १८४४ साली तिने थॅकरे या कादंबरीकारास भूमध्य समुद्राच्या सफरीवर फुकट नेले ते त्याने प्रवासवर्णन लिहावे याच हेतूने. पुढे १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, मुंबई हे यूरोपकडून येणाऱ्या उतारूंचे पहिले मोठे हिंदी बंदर ठरले, आणि या बोटींना माणसांची जी गरज लागली ती भागविण्यासाठी कंपन्यांनी हिंदी किनाऱ्याकडे दृष्टी वळविली. गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शात काम करणारा मनुष्य येथे मिळत होता, हे त्याचे कारण कोणी लपविलेले नाही.

बोटीची तीन खाती होती आणि प्रत्येक खात्याचा मुलूख वेगळा. पी अँड ओच्या बोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी असत, इंजिनाच्या तळघरात पंजाबी आणि पठाण असत, आणि सलूनमध्ये, म्हणजे उतारूंच्या खाण्यापिण्याच्या व निजण्याच्या व्यवस्थेत, गोमंतकीय ख्रिस्ती असत. डेकवर सारंग हा मुख्य, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी, कोठारावर कसब, खलाशांच्या चुलीपाशी भंडारी आणि झाडलोटीला तोपास. खाली भट्टीपुढे आगवाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला आणि कोळसा ओढणारा कोयलावाला. या सर्वांची मिळून एक मिश्र बोली होती, आणि तिच्यावाचून गोऱ्या अधिकाऱ्याचे पान हलत नसे. म्हणून टॉमस रोबक या लष्करी गृहस्थाने १८११ सालीच तिचा एक कोश रचून ठेवला होता.

सलूनचे काम गोमंतकीयांकडेच का जावे, याची कारणे इतिहासातच सापडतात. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजी फौजेचा तळ गोव्यात पडला होता, आणि साहेबाच्या स्वयंपाकघराशी व टेबलाशी गोमंतकीयांचा परिचय तेव्हापासून वाढत गेला. हिंदू आचाऱ्यास गोमांसाची आणि मुसलमानास डुकराच्या मांसाची जी अडचण होती ती ख्रिस्ती गोमंतकीयास नव्हती. मद्याचा पेला भरून देण्यात त्यास धर्मबाधा वाटत नव्हती. आणि चर्चच्या शाळांतून अनेकांना गाण्याबजावण्याचे शिक्षण मिळालेले असल्यामुळे बोटीवरच्या वाद्यवृंदातही त्यांचा शिरकाव झाला. या गुणांना गरजेची जोड मिळाली. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला त्यान्वये मुरगावचे बंदर आणि रेल्वे यांची पायाभरणी झाली खरी, परंतु मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले; १८९२ साली तह संपेपर्यंत आगरांवर पोट भरणाऱ्या कित्येक कुटुंबांचा आधार तुटला होता. जमीन भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या मालकीची आणि रोजगार नाही, अशा स्थितीत फिरंगी अंमलातला तरुण मुंबईची वाट धरी आणि तेथून आगबोटीची.

ही वाट मात्र दलालाच्या अंगणातून जात असे. कंपनीच्या नोकरीत असलेल्या सारंगावर माणसे पुरविण्याची जबाबदारी असे, आणि तो आपल्याच गावची, आपल्याच गोतातली माणसे भरती करी; त्यामुळे डेकवर एखादे खेडेच वसलेले असे आणि नवख्या पोरास परमुलखातही परके वाटत नसे, हा त्या पद्धतीचा गुण. दोष असा, की सारंगाच्या पाठीशी बंदरावर घाटसारंग, म्हणजे किनाऱ्यावर राहून माणसे पुरविणारे मध्यस्थ, आणि परवानाधारक दलाल बसलेले असत, नोकरीविना दिवस काढणाऱ्या खलाशास ते खोराकी उचल देत, आणि करारनाम्यावर सही होताच उचल, व्याज आणि दस्तुरी यांची वसुली त्याच्या वेतनातून करीत. बोटीवर पाय ठेवण्यापूर्वीच पहिल्या काही महिन्यांचा पगार खर्ची पडलेला असे. १९२० साली जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशांकडून भरतीचे पैसे घेण्यास बंदी करणारा करार संमत केला, १९२२ साली हिंदुस्थानातील खलाशीभरतीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीनेही ही पद्धत बदलण्याच्या बाजूने मत दिले, तरी दलालांचे बस्तान पुढे बराच काळ कायम राहिले. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी १९४० साली हिंदी नाविक कामगारांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या अन्यायाच्या जिव्हाळ्याच्या अभ्यासातूनच निर्माण झालेला आहे.

बोटीवरच्या राहणीचा अंदाज एका आकड्यावरून येतो. १८९४ च्या ब्रिटिश नौकानयन कायद्याने खलाश्यास निजण्याबसण्यासाठी प्रत्येकी किमान ७२ घनफूट जागा द्यावी असे ठरविले, परंतु हिंदी खलाश्यापुरती ती ३६ घनफूटच असावी अशी तजवीज चालू ठेवली. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच इतकी पोकळी. एवढ्यात मनुष्य आडवा होऊ शकतो, उठून बसू शकत नाही. वरच्या मजल्यावर चांदीच्या काट्याचमच्यांनी जेवण वाढणारा बटलर आपली पाळी संपल्यावर अशाच एखाद्या कोंदट जागेत येऊन पडत असे, आणि हे अंतर कायद्याने मोजून दिलेले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

अशा जीवनाला मुंबईच्या बंदरावर जो आसरा मिळाला त्याचे नाव कूड. कूड म्हणजे एका गावच्या गोमंतकीयांनी मुंबईत वर्गणी काढून घेतलेली सामायिक बिऱ्हाडाची जागा. धोबीतलाव, काव्हेल, डाबूळ, माझगाव या वस्त्यांत जुन्या चाळींच्या मजल्यांवर अशा कुडी शेकड्यांनी उभ्या राहिल्या, आणि धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत तर अनेक गावे शेजारी शेजारी नांदू लागली. आत एक लांबलचक दालन. भिंतीलगत एकावर एक रचलेल्या पेट्या, ज्यांत मालकाची सारी चीजवस्तू. रात्री अंथरण्यासाठी गुंडाळून ठेवलेल्या चटया. आणि दालनाच्या एका बाजूस गावच्या चर्चमधील संताची मूर्ती असलेली वेदी, तिच्यापुढे तेवणारा दिवा. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होई आणि त्या वेळी कुडीत असलेल्या प्रत्येकाने हजर राहावे असा दंडक असे; गावचे फेस्त, म्हणजे चर्चचा सण, गावी साजरे होई तसे येथेही होई. महिन्याची वर्गणी अल्प, कारभारी सदस्यांनी निवडलेला, नियमांचा कागद भिंतीवर लावलेला.

करार संपवून परतलेला मनुष्य पुढील बोट मिळेपर्यंत कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने येथेच राही. त्याची ‘नली’, म्हणजे मागील प्रत्येक सफरीतील वर्तणुकीचा शेरा असलेले सेवापुस्तक, त्याच्या पेटीत जपून ठेवलेले असे. कोणती कंपनी माणसे घेत आहे, कोणता बटलर सज्जन आहे, कोणत्या दलालाच्या सावलीस उभे राहू नये, याची खबर नवख्या पोरास कुडीतल्या वडीलधाऱ्यांकडून मिळे. गावी पाठवायची पत्रे आणि पैसे भरवशाच्या माणसाबरोबर येथूनच रवाना होत. आणि कोणी आजारी पडला वा वारला तर त्याची विचारपूस व अंत्यविधी यांना गावची माणसे धावून येत. कुडीला दोष नव्हते असे नाही. अनेक गावांच्या कुडी जातींनुसार वेगळ्या होत्या, स्त्रियांना तेथे स्थान नव्हते, आणि गावातली जुनी भांडणे समुद्र ओलांडूनही तशीच राहत. तरीसुद्धा निराधार मनुष्यास सावकाराच्या ओसरीवर झोपावे लागू नये एवढी व्यवस्था सरकारने किंवा कंपनीने न करता गरिबांनी स्वतःच्या वर्गणीतून केली, हा आमच्या सामाजिक इतिहासातील एक अभिमानास्पद अध्याय आहे.

या एकोप्यातूनच पुढची पावले पडली. १८९६ साली मुंबईत गोमंतकीय नाविकांचा जो क्लब स्थापन झाला, त्याचीच परंपरा आजची खलाश्यांची राष्ट्रीय संघटना सांगते. १८९२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांनी युक्त असे कोंकणी नाटक, रंगभूमीवर आला, आणि त्या कलेला जो प्रेक्षकवर्ग लाभला त्यात कुडींत राहणाऱ्या चाकरमान्यांचा व तारवट्यांचा, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचा, वाटा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाश्यांनी काम बंद ठेवले, त्यांपैकी अनेकांनी तुरुंगवास पत्करला, आणि वेतनवाढ पदरात पाडून घेतली. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी नाविकांनी प्राण गमावले. मशीद बंदराजवळील खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक मृत नाविकांचे स्मारक आहे. त्या परिसरातून रोज जाणाऱ्या सहस्रावधी मुंबईकरांनी एकदा तरी थांबून ते पाहावे असे मनापासून वाटते.

इकडे समुद्रप्रवासाचे स्वरूप पालटत होते. १८९१ च्या जानेवारीत आल्बर्ट बालीन या जर्मन बोटकंपनीच्या संचालकाने हिवाळ्यात रिकामी राहणारी ऑगस्टा व्हिक्टोरिया ही बोट जर्मनीहून भूमध्य समुद्राच्या विहारास काढली. १९०४ साली पी अँड ओने आपली जुनी ‘रोम’ ही बोट ‘व्हेक्टिस’ या नावाने केवळ सहलींसाठी सजविली. १९६० नंतर विमानांनी उतारू पळविले, १९६७ साली सुएझचा कालवा बंद झाला तो आठ वर्षांसाठी, आणि मुक्कामास पोहोचविणाऱ्या बोटींची जागा हळूहळू फिरविणाऱ्या बोटींनी घेतली. टेबले, खोल्या आणि स्वयंपाकघरे मात्र पूर्वीपेक्षा कैक पटींनी वाढली, त्यामुळे गोमंतकीय आणि कोकणी माणसाची मागणी राहिली ती राहिलीच.

आज कायदा खलाश्याच्या बाजूने पुष्कळ पुढे आला आहे. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून जगभर अमलात आहे आणि भारताने त्यास २०१५ साली मान्यता दिली. त्यानुसार वैद्यकीय दाखला, सेवापुस्तक आणि पारपत्र यांचा खर्च सोडून भरतीसाठी उमेदवाराकडून काहीही घेता येत नाही, आणि चोवीस तासांत किमान १० व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. परंतु याच आकड्यांचा अर्थ असाही होतो, की उरलेल्या तासांत काम करवून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि महिनोन्‌महिने सुटीचा दिवस न येणे हे या नोकरीत नित्याचे आहे. २०२० साली महासाथीत उतारू घरोघर पोहोचल्यानंतरही अनेक क्रूझचे नोकर बंदर मिळेना म्हणून महिनोगणती समुद्रावर अडकून पडले, तेव्हा किनाऱ्यावाचून खलाश्याला गती नाही हे सत्य पुन्हा उघडे झाले.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यास माझे सांगणे इतकेच आहे, की जाण्यात कमीपणा नाही आणि भिण्याचेही कारण नाही. या वाटेने गेलेल्यांनी घरे बांधली, मुले शिकविली, भावंडांची लग्ने केली. परंतु बोटीची लांबी आणि मजल्यांची संख्या विचारण्याअगोदर भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे काय, तो पैसे मागतो काय, करारनाम्यात परतीच्या प्रवासाचा भार कोणावर आहे, संघटनेचा हात आपल्या पाठीशी आहे काय, हे विचारावे. आणि दोन करारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत आपण कोठे व कोणाच्या आधाराने राहणार हे मनाशी ठरवावे. कुडीतले वडीलधारे नवख्यास नेमके हेच प्रश्न विचारीत असत. कुडी आता ओस पडत चालल्या आहेत, तेव्हा ते प्रश्न विचारण्याचे काम गावच्या पंचायतीने, शाळेने, चर्चने आणि जमातीने आपल्या अंगावर घेतले पाहिजे. कारण गाव पाठीशी असलेला खलाशी आणि एकटा पडलेला खलाशी यांची बोट एकच असली, तरी त्यांची नोकरी एक नसते.