नशीब, कसब आणि सोबत

जुगारासारखा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आणावा काय, अशी शंका कित्येक श्रोत्यांच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु ज्या गोष्टीपायी कामगाराच्या पगाराचा वाटा महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नाहीसा होतो, आणि जिच्यापायी चार पाळ्यांतली चार माणसे एका मोबाईलभोवती डोके जुळवून बसतात, ती समजून न घेता तिला नुसती नावे ठेवणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. आम्ही आयुष्य कामगारांत घालविले. शाळा फारशी झाली नाही. जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि एस.टी.च्या प्रवासात. तेव्हा येथे पंडिती नाही. एका खेळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातून निघणारा एक साधा प्रश्न आहे.

खेळ असा की, मैदानावर दुसरेच लोक खेळतात आणि आपण घरबसल्या त्यांच्यातून आपला एक संघ कागदावर मांडतो. त्या खेळाडूंनी खरोखरीच्या सामन्यात जे केले, त्याचे गुण आपल्या कागदी संघाला मिळतात. याला फँटसी खेळ म्हणतात. विलायतेत तो फुटबॉलवर चालतो, आपल्याकडे मुख्यतः क्रिकेटवर. यात जिंकतो तो नशिबाने की कसबाने, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. पण वाद मुळात फार जुना आहे.

वनपर्वातील नळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुष्कराशी द्यूत खेळून नळ राज्य हरला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नळाला विश्वास वाटेना. त्याने झाड तोडून मोजदाद केली, तो आकडा बरोबर निघाला. मग आपली अश्वविद्या देऊन त्याने राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या घेतली आणि गेलेले राज्य परत मिळविले. त्या काळी फासेही बेहड्याच्याच फळांचे असत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेतील मेख कळते. मोजता येणे हेच कसब, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. मात्र त्याच परंपरेत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याला शेत कसावयास सांगणारे सूक्तही आहे. दोन्ही बाजू आमच्या घरच्याच.

आता विलायतेकडे वळू. १९२३ साली लिव्हरपूलच्या जॉन मूर्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी लिटलवुड्स या नावाने फुटबॉलच्या निकालांवर कुपने भरण्याचा धंदा काढला. हे तिघेही तारकचेरीतले नोकरदार. मँचेस्टरच्या मैदानाबाहेर त्यांनी ४००० कुपने वाटली. भरून परत आली अवघी ३५. पण धंदा तगला, आणि पुढे दर आठवड्याला लाखो घरांत कुपन भरणे हा रिवाजच होऊन बसला. गिरणीत, खाणीत, गोदीत कामगार मिळून कुपने भरीत. वर्गणी एकत्र, अंदाज एकत्र, आणि हरल्यावर शिव्याही एकत्र. १९६१ साली कॅसलफर्ड या खाणकामगारांच्या गावातील एका तरुण जोडप्याला १,५२,३१९ पौंडांचे बक्षीस लागले, आणि काही वर्षांतच सारे संपले. नशिबाने दिलेला पैसा राखण्याचे कसब कुपनाबरोबर येत नाही, हा त्यातला बोध सांगण्यास आम्ही कशाला हवेत!

कागदी संघाची कल्पना मात्र अमेरिकेतली. १९६२ साली ओकलँड शहरातील बिल विंकनबाक नावाच्या व्यापाऱ्याने दोघा स्नेह्यांबरोबर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून तिचे नियम रचले. खेळ त्यांचा अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल, आपला नव्हे. १९६३ साली पहिल्यांदा खेळाडूंची वाटणी झाली. संघमालक होते आठ. सारे एकमेकांच्या ओळखीचे, एकाच शहरातले. १९८० साली न्यूयॉर्कच्या लेखक-संपादक मंडळींनी एका उपाहारगृहाच्या नावावरून बेसबॉलची अशीच मंडळी काढली. १९९० साली इटलीत रिकार्डो अल्बिनीने फुटबॉलवर हा खेळ बसविला. २००२-०३ च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तो स्वतःच चालविला: १० कोटींचे लुटुपुटीचे भांडवल, १५ खेळाडू, एका संघातले तिघांहून अधिक घ्यावयाचे नाहीत, आणि ज्याला कर्णधार नेमाल त्याचे गुण दुप्पट. प्रवेशाला पैसा नाही. पुण्या-मुंबईतले हजारो तरुण तो खेळतात. आपल्या मित्रांची वेगळी मंडळी करून हंगामभर एकमेकांची खोडी काढीत बसतात.

इकडे मुंबईत त्याच काळात काय चालले होते? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या भावांवर आकडा लागे. साठीच्या सुरुवातीस हे भाव येणे थांबले, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळीत स्वतःच चिठ्ठ्या काढून आकडा लावण्यास आरंभ केला. १९६४ साली रतन खत्रीने आपला वेगळा मटका काढला. चिठ्ठ्या ज्या मातीच्या भांड्यातून काढीत त्याचेच नाव धंद्याला पडले. ओपन, क्लोज आणि जोडी हे शब्द गिरणगावातल्या पोराटोरांच्या तोंडी झाले. वास्तविक येथे कसबाला तिळमात्र जागा नाही. शून्य ते नऊ हे दहा आकडे. पैकी एक लागणार. लागला तर रुपयाला नऊ. दहाला दहा नव्हे, नऊ! तो दहावा रुपया कोणाच्या पेटीत जातो, हे विचारण्याची फुरसत कोणाला नव्हती.

तरीही गंमत पाहा. मटका खेळणारा माणूस स्वतःला नशिबाचा गुलाम कधीच म्हणत नसे. तो स्वप्नांवरून आकडा काढी, साधूच्या बोलण्यावरून काढी, जुन्या आकड्यांची वही ठेवी, चहाच्या टपरीवर त्यावर चर्चासत्र भरवी. निव्वळ दैवाच्या खेळातही माणूस कसब शोधतो, आणि ते सापडले असे वाटण्यासाठी त्याला सोबती लागतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, आणि त्याबरोबर एकाच फळीवर बसून भजन, संप आणि आकडा यांवर सारख्याच तळमळीने बोलणारी ती सोबतही विस्कटली.

आता कायद्याची बाजू. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातच केवळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्री शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना ऊत आला. बंगळूरच्या एका साप्ताहिकाच्या शब्दकोड्यावर मुंबई राज्याने कर बसविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला, की जुगार हा व्यापारच नव्हे. घटनेने दिलेले धंद्याचे स्वातंत्र्य त्याला लागू नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात मात्र, ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा आहे ती निराळी, असे ठरले. तेथून पुढे सारी लढाई त्या एका शब्दावर आली. १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात पैसे हरलेला एक गृहस्थ दाद मागण्यास गेला. न्यायालयाने फँटसी खेळ कौशल्याचा ठरविला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तोच सूर धरला.

या निकालांच्या सावलीत मुंबईत २००८ साली निघालेली ड्रीम इलेव्हन कंपनी वटवृक्षासारखी वाढली. २०२० साली आयपीएलला तिचे नाव लागले, २०२३ साली भारतीय संघाच्या अंगरख्यावर ते चढले. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर, सामन्याच्या संध्याकाळी एकच प्रश्न कानी येई: टीम लावली का? एका दहा बाय दहाच्या खोलीत लातूरचा, बीडचा, बिहारचा मुलगा शेजारी झोपतो. पाळ्या वेगळ्या, भाषा वेगळी, नोकरीचा भरवसा सहा महिन्यांचा. त्यांना बोलायला एक विषय मिळाला. ही सोबत खोटी नव्हती, हे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना वारंवार सांगत आलो आहोत.

पण खोलीतली सोबत खरी असली, तरी खेळातला प्रतिस्पर्धी त्या खोलीत नव्हता. तो लाखोंच्या गर्दीत कोठेतरी होता, आणि येथेच कसबाचा युक्तिवाद उलटतो. खेळ कौशल्याचा आहे असे एकदा मान्य केले, की अधिक कसबी तो वारंवार जिंकणार आणि नवखा वारंवार हरणार, हे ओघानेच आले. अमेरिकेत २०१५ सालच्या बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धात अशा रोजच्या पैशाच्या खेळांची पाहणी झाली. खेळणाऱ्यांनी कमावलेल्या नफ्यापैकी ९१ टक्के नफा अवघ्या १.३ टक्के लोकांकडे गेला होता. दैवाचा खेळ निदान आंधळा असतो. कौशल्याचा खेळ डोळस असतो, आणि तो नवख्याला बरोबर हेरतो. ज्या शब्दाने कंपनीला न्यायालयात संरक्षण मिळाले, तोच शब्द आमच्या कामगाराच्या खिशावर आला.

दुसरे गणित याहून सोपे आहे. दहा मित्रांनी शंभर-शंभर रुपये काढले, हजार जमले. खेळ चालविणारा प्रत्येक डावाला शेकडा १५ कापतो असे उदाहरणापुरते धरा. उरलेले सारे पैसे मंडळी पुन्हा डावावर लावतात. पहिल्या डावानंतर दहाजणांत मिळून ८५० उरतात, दुसऱ्यानंतर ७२२, तिसऱ्यानंतर ६१४, चौथ्यानंतर ५२२ आणि पाचव्यानंतर ४४४. दहांपैकी कोण किती हुशार, याच्याशी या हिशेबाचा काडीचाही संबंध नाही. आता याच दहाजणांची भिशी असती, तर हजाराचे हजार फिरत राहिले असते. फरक नशिबाचा नाही, कसबाचाही नाही. गल्ला कोणाच्या हाती आहे, एवढाच तो फरक आहे.

२०२५ च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला; २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो दैवाचा असो की कौशल्याचा, चालविण्यास त्याने बंदी केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. कंपन्यांनी पैशांचे सामने तत्काळ थांबविले आणि अंगरख्यावरचे नावही उतरले. सत्तर वर्षे ज्या एका शब्दावर वकील झुंजले, तो शब्दच कायद्याने बाजूस ठेवला. आमच्या मते कायद्याने योग्य जागी बोट ठेवले आहे. पण कायदा गल्ला बंद करू शकतो, खोलीतला एकटेपणा बंद करू शकत नाही. ती जागा रिकामी राहिली, तर चोरवाटेने परदेशी मटका तेथे शिरल्यावाचून राहणार नाही.

ती जागा कशी भरते, हे पाहावयास दूर जावयास नको. आमच्या शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यती आहेत. २०१४ च्या मे महिन्यात त्या बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने कायम झाल्या. घाटात बारी सुटते ती काही सेकंदांत निकाल लागतो. त्या सेकंदांत बैलाची जात आली, वर्षभराचा खुराक आला, जुंपणाऱ्यांचे कसब आले, आणि ऐनवेळी बैल बुजला तर नशीबही आले. पण एका बारीमागे सबंध भावकी आणि मित्रमंडळ राबत असते. हरलेला गाडामालक जिंकलेल्याच्या बैलांच्या पाठीवर हात फिरवून जातो, कारण पुढच्या यात्रेत गाठ पडावयाची आहेच. शर्यतीच्या आडोशाला पैजा लागतात तेव्हा मात्र तेथेही तीच कीड शिरते. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. वैर कडवे खरे, पण ते ओळखीच्या माणसांचे.

विंकनबाकचे आठ स्नेही, कुपन भरणारे खाणकामगार, गिरणगावची टपरी, आमच्या घाटातला गाडामालक आणि रांजणगावच्या खोलीतली पोरे, या साऱ्यांना बांधणारी गोष्ट एकच आहे: अंदाज बांधण्यातली मौज आणि तो चुकल्यावर थट्टा करणारा मित्र. ही मौज पापही नाही आणि व्यसनही नाही. पूर्वीच्या युनियनांनी कामगारांसाठी कबड्डीचे संघ काढले, भजनी मंडळे काढली, वाचनालये काढली, ती काही फावल्या वेळाची चैन म्हणून नव्हे. माणूस माणसाच्या ओळखीचा झाला, म्हणजेच तो दारसभेला येतो, हे त्या लोकांना ठाऊक होते.

म्हणून आम्ही तरुणांना खेळू नका असे सांगत नाही. कागदी संघ जरूर मांडा, त्यावर रात्रभर भांडा. फक्त खेळण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: गल्ला कोणाकडे आहे? समोरच्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? आणि हरल्यावर उद्या सकाळी आपल्याला चहा पाजणारा या डावात कोणी आहे काय? जेथे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या खोलीत, आपल्या गावात सापडतात, तेथे नशीब कितीही फिरले तरी माणूस कफल्लक होत नाही. नळाने अक्षहृदय मिळविले ते फासे टाकून नव्हे; रथ थांबवून, झाड तोडून, एकेक फळ मोजून. आमच्या कामगार बंधूंनी तेवढे मोजण्यास शिकावे.