कांदा, माणूस आणि डीएनएचे ओझे

शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर निघतो तो बहुधा कांद्याच्या पापुद्र्यासाठी. पुढे पेशीविभाजन शिकवायची वेळ आली, की पुन्हा कांदाच हाताशी येतो. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत फुटलेली पांढरी मुळे कापायची, टोके सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, असिटोकार्मिनने रंगवायची आणि काचेखाली हलकेच दाबायची. नशीब चांगले असेल तर एखाद्या पेशीत सोळा गुणसूत्रे मोजताही येतात.

या प्रयोगासाठी कांदाच का? तो स्वस्त आहे आणि बारमाही मिळतो, हे उत्तर खरे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर त्याच्या पेशीकेंद्रकात आहे. आणि नाशिक जिल्ह्याचे अर्थकारण ज्या पिकावर हलते, त्याचे आनुवंशिक संशोधन भातासारख्या पिकांच्या मागे का राहिले, हेही त्याच उत्तरातून कळते.

आधी थोडे गणित करू. डीएनएची माहिती चार अक्षरांत लिहिलेली असते. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात, कांद्याच्या एका संचात सुमारे १६ अब्ज! प्रत्येक पेशीत असे दोन संच, आणि दोन शेजारच्या अक्षरांतले अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला तर माणसाच्या पेशीतला डीएनए साधारण २ मीटर भरतो आणि कांद्याचा जवळजवळ ११ मीटर. माणसात हा डीएनए ४६ गुणसूत्रांत विभागलेला असतो, म्हणजे एका गुणसूत्राच्या वाट्याला सरासरी साडेचार सेंटिमीटर. कांद्यात तो फक्त १६ गुणसूत्रांत मावतो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ६५ सेंटिमीटरहून जास्त. कांद्याची गुणसूत्रे शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसतात ती यामुळे.

ही सोय शास्त्रज्ञांनीही ओळखली होती. स्वीडनमधील लुंड येथील आल्बर्ट लेवान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या द्रव्याचा परिणाम तपासला. कोल्चिसिनमुळे पेशीविभाजन मध्येच अडते आणि आखडलेली, सुटी गुणसूत्रे नीट पाहता येतात. त्या काळी माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे पाठ्यपुस्तके सांगत. पुढे लेवान यांच्याच प्रयोगशाळेत जो हिन त्जिओ यांनी कोल्चिसिन आणि पेशी दाबून पसरवण्याची पद्धत मानवी पेशींवर वापरली आणि १९५६ साली दोघांनी जाहीर केले, की ही संख्या ४८ नसून ४६ आहे. वनस्पतींच्या मुळांवर बसलेला हात माणसाची गुणसूत्रे मोजायला असा उपयोगी पडला.

पण मोठा प्रश्न पुढेच होता. १९४८च्या सुमारास फ्रान्समध्ये बॉइव्हाँ आणि व्हँड्रेली दांपत्याने दाखवले, की एका प्राण्याच्या वेगवेगळ्या अवयवांतील पेशींत डीएनएचे प्रमाण सारखेच असते. मग साहजिकच वाटले, की जितका जीव गुंतागुंतीचा तितका त्याचा डीएनए जास्त असणार. १९५१ साली मिर्स्की आणि रिस यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे डीएनए मोजले, तेव्हा हा तर्क कोसळला. अँफियुमा नावाच्या, बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या उभयचराच्या पेशीत कोंबडीच्या पेशीच्या सुमारे ७० पट डीएनए निघाला! १९७१ साली या कोड्याला ‘सी-मूल्याचा विरोधाभास’ असे नाव मिळाले.

जास्तीचा डीएनए आहे तरी काय? त्याचा धागा बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या मक्यावरील कामात होता. गुणसूत्रावर काही तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात, हे त्यांनी १९४०च्या दशकात ओळखले. फार थोड्यांना ते पटले. नोबेल पारितोषिक आले १९८३ साली. यांतले कित्येक तुकडे स्वतःच्या प्रती काढून त्या नव्या जागी घुसवतात, आणि लाखो वर्षांत जीनोम फुगत जातो. माणसाच्या जीनोमचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला जवळजवळ निम्मा भाग अशाच तुकड्यांचा आढळला. प्रथिने बनवण्याची कृती सांगणारी जनुके मात्र सुमारे २० हजारच, आणि त्यांची ती कृती एकूण अक्षरांच्या दोन टक्क्यांतही मावते.

बाकीचा डीएनए अडगळ आहे, की त्याला काही काम आहे? या वादात कांदा पुन्हा आला. कॅनडातील जीवशास्त्रज्ञ रायन ग्रेगरी यांनी २००७ साली एक साधी ‘कांदा कसोटी’ मांडली. माणसाचा सगळा डीएनए उपयुक्त आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढेच सांगावे, की कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए कशाला लागतो? शिवाय कांदा-लसणाच्या कुळातल्याच वेगवेगळ्या जातींत डीएनएचे प्रमाण चौपटीहून जास्त बदलते, ते का? उलट टोकाचे उदाहरणही आहे. कासच्या पठारावर फुलणाऱ्या ‘सीतेच्या आसवां’ची एक बहीण, युट्रिक्युलेरिया गिब्बा, हिचा जीनोम २०१३ साली वाचला गेला. अक्षरे फक्त ८ कोटींच्या आसपास, पण जनुके २८ हजारांच्या घरात. एवढ्या थोडक्यातही फुलझाडाचा संसार चालतो! आणि २०२४ साली एका छोट्या नेच्यात १६० अब्ज अक्षरे मोजली गेली.

आता हे ओझे शेतकऱ्याला कसे जड गेले ते पाहू. जीनोम वाचताना डीएनएचे तुकडे करून ते वाचतात आणि मग जुळवतात. भजनाची वही फाडून तिचे तुकडे जुळवायला घेतले, तर ध्रुवपदाचे तुकडे कुठल्या कडव्यामागचे, हे कळणे कठीण. कांद्याच्या वहीत ध्रुवपदेच फार. भाताचा जीनोम सुमारे ३९ कोटी अक्षरांचा. तो भारतासह अनेक देशांनी मिळून २००५ साली पुरा केला. माणसाच्या जीनोममधले शेवटचे आठ टक्के, म्हणजे मुख्यतः पुनरावृत्तीचे भाग, २०२२ साली भरले गेले, तेही लांब तुकडे वाचणारी यंत्रे आल्यावर. कांद्याची पहिली जुळणी २०२१ साली नेदरलँड्समधील गटाने प्रसिद्ध केली. १४.९ अब्ज अक्षरे जुळली, त्यांत ७२.४ टक्के पुनरावृत्ती, आणि आठ गुणसूत्रांवर क्रमाने बसवता आली ती फक्त २.४ अब्ज.

दुसरी अडचण काळाची. कांद्याच्या बियापासून पुन्हा बी मिळायला दीड ते दोन वर्षे लागतात. आधी कांदा पोसायचा, तो निवडून पुन्हा लावायचा, मग डेंगळे येऊन बी धरणार. निफाडचा एन-५३, पिंपळगावचा बसवंत-७८० हे वाण अशा चिकाटीच्या निवडीतून आले. राष्ट्रीय कांदा-लसूण संशोधन केंद्र १९९४ साली नाशिकलाच सुरू झाले आणि १९९८ साली राजगुरुनगरला गेले.

संकरित बियाण्यासाठी नरवंध्य झाड लागते. असे झाड हेन्री जोन्स यांना कॅलिफोर्नियात १९२५ साली सापडले. त्याचा वंश टिकवणारा जोडीदार शोधायला चाचणी-संकर करत चार ते आठ वर्षे जात. १९९०च्या दशकापासून डीएनएच्या खुणा हाती येऊ लागल्या आणि या शोधातला मोठा भाग रोपाच्या पानाच्या तुकड्यावरच उरकता येऊ लागला. चाळीत कांदा किती टिकेल, किती सडेल, हा मात्र एका जनुकाचा खेळ नाही. तिथे खुणा अनेक शोधाव्या लागतील आणि त्या आपल्याच उन्हाळ कांद्यावर, आपल्याच चाळींत तपासाव्या लागतील. त्या कामाला पूर्ण जुळवलेला जीनोम हवा.

मुळाच्या टोकाची स्लाइड दाखवताना विद्यार्थ्यांकडून वरचा गुणाकार जरूर करून घ्यावा. मग विचारावे: इतका डीएनए असून कांदा माणसापेक्षा साधा कसा? मुले ‘साधा म्हणजे काय?’ असे उलट विचारतील, तर तास चांगला रंगेल.