नेमबाजी, हौशी : शस्त्रनिवडीच्या मतभेदांचा इतिहास

रायफल, पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर या शस्त्रांनी लक्ष्यवेध करण्याचा छंद. सैनिकास वा पोलिसास शस्त्र नेमून दिलेले असते. हौशी नेमबाजास ते स्वतः निवडावे लागते. त्यामुळे नळीचा अंतर्व्यास, गोळीचे वजन व वेग, दस्त्याची घडण, चापाचा ताण, शस्त्र धरण्याची पद्धत इत्यादींविषयी मते बनविणे, ती लिहिणे व त्यांवरून वाद घालणे हा या छंदाचाच एक भाग झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या वादांनी बंदुकांची रचना व स्पर्धांचे नियम यांवर मोठा परिणाम केला. त्यांतील बहुतेक वाद केवळ युक्तिवादाने मिटले नाहीत. खुल्या सामन्यात वा प्रयोगात उतरल्यावरच त्यांचे मोल कळले. शस्त्राच्या नावावर जमा झालेले यश वा अपयश पुष्कळदा ते चालविणाऱ्या माणसाचे होते, असेही त्यातून दिसून आले.

प्रारंभ : नळीच्या आतील बाजूस सर्पिल आटे पाडल्यास गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, ही गोष्ट यूरोपातील कारागिरांना सोळाव्या शतकात ठाऊक होती. जर्मन व स्विस नगरांतील नेमबाजांची मंडळे आपापल्या सामन्यांत अशा बंदुका वापरीत. तथापि आट्यांच्या नळीत गोळी घट्ट बसत असल्याने ती तोंडाकडून ठासण्यास वेळ लागे. म्हणून सामान्य सैनिकाच्या हाती रायफल फारशी आली नाही. क्लोद एत्येन मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ मध्ये पुढे आणलेली, बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी नळीत सहज उतरे आणि बार होताच फुगून आट्यांत पक्की बसे. याच तत्त्वावरील .५७७ इंच अंतर्व्यासाची एनफील्ड रायफल ब्रिटिश सैन्याने १८५३ मध्ये स्वीकारली. हिच्या चरबी लावलेल्या काडतुसांचा प्रश्न भारतातील १८५७ च्या उठावास निमित्त ठरला.

फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने इंग्लंडमध्ये १८५९ मध्ये नागरी स्वयंसेवकांची पथके उभी राहिली व त्याच वर्षी ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या स्पर्धांचे उद्‌घाटन २ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथे व्हिक्टोरिया राणीने केले. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने बनविलेली, षट्‌कोनी नळीची .४५१ इंची रायफल लोखंडी टेकणात पक्की बसविली होती. राणीने रेशमी दोरी ओढताच ४०० यार्डांवरील फलकाच्या मध्याजवळ गोळी लागली. यंत्रात बसविलेली रायफल काय करू शकते, हे त्यावरून कळले. पण माणसाच्या खांद्यावर तीच रायफल काय करील, हा प्रश्न शिल्लक राहिला. व्हिटवर्थची नळी दूरच्या पल्ल्यावर एनफील्डपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली होती. तथापि ती महाग होती व जळलेल्या दारूच्या काजळीने लवकर तुंबे, म्हणून सैन्याने तिचा सार्वत्रिक स्वीकार केला नाही. हौशी नेमबाज मात्र प्रत्येक बारानंतर नळी पुसू शकत असे. सैनिकाची रायफल व स्पर्धेची रायफल यांच्या वाटा येथून वेगळ्या होऊ लागल्या. विल्यम एलिस मेटफर्ड या अभियंत्याने उथळ आटे व कठीण गोळी यांचा मेळ घालून स्पर्धांत यश मिळविले. त्याच्या आट्यांची पद्धत पुढे १८८८ च्या ली-मेटफर्ड या सैनिकी रायफलीत घेण्यात आली. विंबल्डनच्या स्पर्धा १८९० पासून सरे परगण्यातील बिस्ले येथे भरू लागल्या.

क्रीडमूरचा सामना : अमेरिकेतील ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ ही संस्था १८७१ मध्ये स्थापन झाली व न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे तिचे चांदमारीचे मैदान १८७३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील एल्को ढाल जिंकलेल्या आयरिश संघाने अमेरिकन नेमबाजांना आव्हान दिले. आयरिश संघाकडे जॉन रिग्बीच्या कारखान्यातील ठासणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांनी रेमिंग्टन व शार्प्स या कंपन्यांच्या, मागील बाजूने काडतूस भरावयाच्या रायफली निवडल्या. गोळी तोंडाकडून काळजीपूर्वक ठासल्यानेच अचूकता साधते, असे त्या काळच्या बहुतेक जाणत्यांचे मत होते.

सामना २६ सप्टेंबर १८७४ रोजी झाला. प्रत्येक संघातील सहा नेमबाजांनी ८००, ९०० व १,००० यार्डांवर प्रत्येकी १५ बार काढले. एकूण १,०८० गुणांपैकी अमेरिकेस ९३४ व आयर्लंडला ९३१ गुण मिळाले. शेवटचा बार काढणाऱ्या जॉन बोडाइन याच्या हाताला थोड्याच वेळापूर्वी बाटली फुटून जखम झाली होती. तरी त्याने मध्यवर्तुळाचा वेध घेतला. हा निकाल मागून भरावयाच्या रायफलीचा विजय म्हणून गाजला. परंतु आयरिश संघातील मिल्नर याची एक गोळी शेजारच्या, म्हणजे चुकीच्या फलकाच्या मध्यवर्तुळात लागली होती. नियमानुसार तिचे गुण धरले गेले नाहीत. मध्यवर्तुळास ४ गुण असल्याने ती गोळी स्वतःच्या फलकावर लागती, तर आयर्लंडचे ९३५ गुण होऊन निकाल उलटला असता. दोन्ही प्रकारच्या रायफली जवळजवळ तुल्यबळ होत्या. निर्णय लागला तो एका माणसाच्या स्थिर हातामुळे व दुसऱ्याच्या नजरचुकीमुळे. तरीही मागून भरावयाची रायफल ठासणीच्या रायफलीइतकी अचूक असू शकते, हे जगासमोर सिद्ध झाले आणि स्पर्धांतील ठासणीचे युग लवकरच संपले.

प्रयोगाची कसोटी : सामन्यात माणूस व शस्त्र यांचे दोष एकत्र मिसळतात. ते वेगळे करण्याचा चिकाटीचा प्रयत्न मॅसॅचूसेट्समधील एक डॉक्टर फ्रँक्लिन मान यांनी केला. हौशी नेमबाजांच्या मेळाव्यांत ऐकू येणाऱ्या समजुती त्यांनी एकेक करून तपासल्या. त्यासाठी नळी जड, अचल टेकणावर बसवून आणि गोळ्या जाणूनबुजून सदोष करून त्यांनी हजारो बार काढले. या कामाचा वृत्तांत त्यांनी १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गोळीच्या टोकाला इजा झाली तर नेमात फारसा फरक पडत नाही, पण तिचे बूड थोडेही तिरपे असले, तर ती मार्ग सोडते, हा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होय. पाहणाऱ्याला टोक दिसते व तेच महत्त्वाचे वाटते. बूड काडतुसात दडलेले असते. अनुभवावर आधारलेली मतेही कशी फसवी असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शिकारीची रायफल : लहान व वेगवान गोळी उत्तम की मोठी व जड, हा शिकाऱ्यांमधील सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद होय. आफ्रिकेत वॉल्टर बेल याने एक हजाराहून अधिक हत्ती मारले; त्यांतील बहुसंख्य ७ मिमी. सारख्या लहान अंतर्व्यासाच्या रायफलींनी. हत्तीच्या कवटीची रचना नीट जाणून योग्य जागी गोळी घातल्यास तिचा आकार गौण ठरतो, असे त्याचे मत होते. याउलट जॉन टेलर याने १९४८ च्या आपल्या ग्रंथात गोळीचे वजन, वेग व व्यास यांच्या गुणाकारावरून आघाताचे मोजमाप सुचविले व जड गोळीचा पुरस्कार केला.

अमेरिकेत हाच वाद जॅक ओकॉनर व एल्मर कीथ या दोन लेखकांच्या नावांशी जोडला गेला. विद्यापीठात अध्यापन केलेल्या ओकॉनर यांनी विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये आणलेल्या .२७० काडतुसाची वाखाणणी केली. त्याची १३० ग्रेन वजनाची गोळी सेकंदास ३,००० फुटांहून अधिक वेगाने सुटते, धक्का सोसवतो व दूरवर फारसा चढ द्यावा लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आयडाहो राज्यातील गुरेपालक व शिकारी-वाटाड्या असलेल्या कीथ यांना हलकी गोळी मान्य नव्हती. जनावर जखमी होऊन निसटू नये, म्हणून गोळी जाड, जड व खोल जाणारी हवी, असे ते आग्रहाने सांगत. वादातील एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून अनेकदा सुटे. ओकॉनर प्रामुख्याने उघड्या वाळवंटात व डोंगरांत रानमेंढ्या आणि हरणे यांची शिकार करीत. कीथ यांच्या अनुभवात दाट अरण्यातील मोठे एल्क हरीण व वाटेल त्या कोनातून बार काढणारे गिऱ्हाईक यांना मोठे स्थान होते. दोघांची मते आपापल्या भूमीपुरती खरी होती. एका प्रदेशातला अनुभव सर्वत्र लागू केला, तेव्हा वाद उभा राहिला. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली होती, तिच्याबरोबरच ते.४५०/४०० ही जड दुनळी रायफलही वापरीत. प्रसंग पाहून शस्त्र निवडण्याची ही रीत त्या वादाला परस्पर उत्तर देणारी होती.

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : ऑलिंपिक परंपरेतील पिस्तूल-नेमबाजी एका हाताने, बाहू पूर्ण पसरून केली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरही बहुतेक अमेरिकन शौकिनांची तीच पद्धत होती. जलद बार काढताना काही जण कमरेजवळूनच गोळी झाडीत. माजी नौसैनिक अधिकारी जेफ कूपर यांनी १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे सर्वांस खुले असे सामने सुरू केले. तेथे जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांसमोर आणून व माशी पाहून बार काढण्यास आरंभ केला. क्षणभर उशीर होऊनही त्याच्या गोळ्या लागत; घाईने झाडलेल्या इतरांच्या गोळ्या चुकत. आरंभी कमरेवरून झाडण्याच्या पक्षाचे असलेल्या कूपर यांनी हा निकाल मान्य करून दोन हातांच्या पद्धतीचा प्रसार केला. या चळवळीतून १९७६ मध्ये मिझूरी राज्यातील कोलंबिया येथे व्यवहारोपयोगी नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. ऑलिंपिक स्पर्धांतील पिस्तूल मात्र आजही एकाच हातात धरावे लागते. कारण तेथे कौशल्याची व्याख्याच निराळी आहे.

.४५ इंची व ९ मिमी. यांपैकी कोणते पिस्तूल श्रेष्ठ, हा वादही असाच लांबला. फिलिपीन्समधील लढायांत .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे पडल्याच्या अनुभवानंतर अमेरिकेने १९११ मध्ये .४५ पिस्तूल स्वीकारले आणि १९८५ मध्ये ते सोडून ९ मिमी. घेतले. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने १९८६ च्या मायामी येथील चकमकीनंतर अधिक जोरदार काडतुसे आणली, पण २०१५ च्या सुमारास तोही ९ मिमी. कडे परतला. सुधारलेल्या गोळ्यांमुळे परिणामातील अंतर कमी झाले होते व कमी धक्क्याच्या शस्त्राने बहुतेकांचा नेम अधिक चांगला लागत होता.

कायद्याची मर्यादा : शौकिनाच्या निवडीवर अंतिम मर्यादा घालतो तो कायदा. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी गोळ्या मिळू नयेत, म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात .४५० अंतर्व्यासाच्या खाजगी रायफलींवर बंदी घातली. लंडनच्या कारागिरांनी तिच्यावर तोड म्हणून .४७० व तत्सम काडतुसे काढली. पुढे त्यांच्या गुणांविषयी शिकाऱ्यांत चर्चा चालली, तरी त्यांच्या जन्माचे कारण शिकार नसून सरकारी आज्ञा होती. स्कॉटलंडमधील डन्ब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी एका परवानाधारकाने शाळेतील १६ मुलांची व एका शिक्षिकेची हत्या केली. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये जवळजवळ सर्व खाजगी पिस्तुले बंद झाली आणि ब्रिटिश पिस्तूल-नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागू लागले. अचूकतेविषयीच्या सर्व मतांपेक्षा समाजाचा विश्वास या छंदास अधिक आवश्यक आहे, हे त्या घटनेने दाखविले.

भारत : १८७८ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई झाली, १९५९ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. सैनिकी .३०३ काडतूस नागरिकांस निषिद्ध असल्याने सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल तयार केली व भारतीय परवानाधारकाची ‘आवड’ बहुतांशी तेथेच ठरली. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ‘भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना’ १९५१ मध्ये स्थापन झाली; लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा छंद संपुष्टात आला व नेमबाजी कागदी फलकाकडे वळली. अभिनव बिंद्रा यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मी. हवाई रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्रातील अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी येथे याच प्रकारात अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल (पालथी स्थिती) प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल (तीन स्थिती) प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

हवाई रायफलच्या स्पर्धेत सर्वांचा अंतर्व्यास ४.५ मिमी. असतो, रायफलीचे वजन ५.५ किग्रॅ. हून अधिक चालत नाही आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ ०.५ मिमी. व्यासाचे असते. छऱ्यांची प्रत्येक खेप रायफल पक्कडीत बसवून पारखता येते. अशा रीतीने शस्त्रांतील फरक जवळजवळ नाहीसा केल्यावर निवडीचा प्रश्न दस्त्याची उंची, गालपट्टीची जागा, चापाचे अंतर अशा शरीराला जुळणाऱ्या बाबींपुरता उरतो. बाकीचा निकाल श्वासावरील ताबा, चाप ओढण्यातील संयम व रोजचा सराव यांवर लागतो.