कावीळ उतरते, पाइपलाइन तशीच राहते

काळीज म्हटलं की आपण छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर हातात हृदय पडत नाही, यकृत पडतं. काळीज आणि कलेजी दोन्ही शब्द एकाच घरचे. म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या लेखी धाडसाचं, मायेचं ठिकाण यकृत होतं. सध्या गावोगावी काविळीची चर्चा सुरू होते तो मोसम आहे, म्हणून आज या खऱ्या काळजाबद्दल थोडं सविस्तर लिहितोय.

जुन्या वैद्यकात यकृताचा मोठा मान होता. सुश्रुतसंहितेत रक्ताला रंग देणारं रंजक पित्त यकृत आणि प्लीहेत राहतं असं सांगितलंय. तिकडे युरोपात गेलेन नावाच्या वैद्याचं मत दीड हजार वर्षं चाललं, की अन्नापासून रक्त तयार होतं ते यकृतातच. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्त हृदयातून फिरतं हे दाखवलं आणि यकृताची गादी डळमळली. १६५३ मध्ये बार्थोलिन नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने तर यकृताचा गमतीने मृत्युलेखच लिहून टाकला!

पुढे दोनशे वर्षांनी फ्रान्सच्या क्लोद बर्नारने यकृताला पुन्हा मान मिळवून दिला. त्याने कुत्र्यांना फक्त मांस खाऊ घातलं, साखरेचा कण दिला नाही. तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. म्हणजे यकृत स्वतः साखर बनवतं. १८५७ मध्ये त्याने ती साठवून ठेवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळी काढून दाखवली. एकादशीला दिवसभर उपास करूनही आपण चक्कर येऊन पडत नाही, ते या कोठारामुळे.

सुमारे दीड किलोचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली असतो. आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं अन्न, औषध, दारू रक्तातून आधी इथे येतं आणि मग पुढे जातं. गावच्या जकात नाक्यासारखं समजा. विषारी अमोनियाचं युरिया करून लघवीवाटे बाहेर काढायची सोय इथेच होते. जखम झाल्यावर रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं इथेच बनतात. चरबी पचवायला लागणारं पित्तही इथलंच.

आता कावीळ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य उरतं. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. यकृताला सूज आली की हे काम तुंबतं आणि पिवळेपणा डोळ्यांत, कातडीत, लघवीत उतरतो. म्हणजे कावीळ हा स्वतः रोग नाही, आत काहीतरी बिघडल्याची खूण आहे.

यकृताचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते पुन्हा वाढतं. १९३१ मध्ये अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत कापून काढलं. काही आठवड्यांत उरलेला भाग वाढून जवळपास पूर्वीइतका झाला. आज आई मुलाला यकृताचा तुकडा देऊ शकते, ती याच गुणामुळे.

आणि याच गुणावर आपल्याकडे कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा चालतो. गळ्यात घातलेली माळ लांबते, कारण काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. हातावर चुन्याचं पाणी पिवळं होतं, कारण आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बरं करतं यकृत, नारळ मिळतो बाबाला.

पण माझा मुद्दा फक्त बाबांचा नाही. माणूस बरा झाला की प्रश्नही मिटतो, ही खरी अडचण आहे. त्यासाठी दिल्लीचा इतिहास बघा.

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. तो ओसरल्यावर प्रवाह सरकला आणि वजिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलत तिथे नजफगड नाल्याचं सांडपाणी येऊ लागलं. लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइडची साथ आली नाही, सगळ्यांना वाटलं निभावलं. मग डिसेंबरपासून काविळीचे रुग्ण येऊ लागले आणि आकडा २९ हजारांच्या वर गेला. तेव्हा सगळ्यांनी ही हिपॅटायटीस ए ची साथ मानली. पण त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. १९८० मध्ये, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या तपासणीत दिसलं की हा विषाणू ए ही नाही आणि बी ही नाही. काश्मीरच्या १९७८ च्या साथीवरून डॉ. खुरू यांनीही तेच मांडलं. १९८३ मध्ये बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, कावीळ ओढवून घेऊन हा विषाणू दाखवला. आज त्याला हिपॅटायटीस ई म्हणतात. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला तो झाला तर शंभरात २० ते २५ जणी दगावू शकतात. 'कावीळ काय, उतरेल' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि हे फक्त दिल्ली-काश्मीरचं नाही, २०१२ मध्ये आपल्या इचलकरंजीनेही हीच साथ सोसली.

वीस वर्षं मी नगरपालिकेच्या सभांच्या बातम्या करतोय. दर साथीत एकच उत्तर ऐकलंय: 'पाण्याचे नमुने घेतले, पिण्यायोग्य आले.' मंडळी, हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात. म्हणजे आज रुग्ण दिसतोय तो महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. तोवर लिकेज बुजवलेलंही असतं. आजचा नमुना चांगला आला म्हणून तेव्हाचं पाणी चांगलं होतं असं होत नाही.

म्हणून नगरसेवकाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गटारातून गेलेल्या पाइपलाइन कुठे कुठे आहेत, त्या कधी हलवणार? गेल्या दोन महिन्यांत लिकेज कुठे निघालं, त्याची नोंद दाखवा. रोजची ओटी टेस्ट शेवटच्या नळाला होते का, तिथे क्लोरीन किमान ०.२ पीपीएम मिळतं का? आणि एक प्रश्न आपल्यालाही. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतो, तेव्हा फुटक्या पाइपमधून गटाराचं पाणीही ओढलं जातं, हे आपल्याला माहीत आहे ना?

डोळे पिवळे दिसले तर आधी डॉक्टरकडे जा, घरात कोणी गरोदर असेल तर त्याच दिवशी. पाणी उकळून प्या. झाडपाल्याचे काढे घेताना आठवा, तेही शेवटी त्याच सुजलेल्या यकृतातून जाणार आहेत.

यकृत स्वतःला दुरुस्त करतं. पाइपलाइन करत नाही. तिच्या मागे आपल्यालाच लागावं लागतं. तुमच्या वॉर्डात गटारातून गेलेली लाइन दिसली तर फोटो आणि ठिकाण कमेंटमध्ये टाका, पुढच्या सभेआधी यादी करू.