विद्यापीठ-कंपनी करार म्हणजे नेमकं काय? शेतकऱ्याला त्यातून काय मिळतं? ‘नांदेड-44’ कपाशीवरून समजून घ्या

कृषी विद्यापीठाचा एखाद्या कंपनीसोबत सामंजस्य करार झाला, अशा बातम्या अधूनमधून मोबाईलवर येतात. फोटोत कुलगुरू, कंपनीचे अधिकारी आणि हातात फाईल. पण त्या फाईलमध्ये असतं काय आणि त्याचा बांधावरच्या माणसाशी संबंध काय, हे बातमीत फारसं येत नाही. कपाशी उत्पादकांच्या ओळखीच्या ‘नांदेड-44’ म्हणजेच एनएचएच-44 या वाणाची वाटचाल पाहिली की हे सगळं नीट कळतं.

करार कशासाठी लागतो?

नवीन वाण तयार करायला बरीच वर्षं लागतात. संकर, निवड, वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या हे काम विद्यापीठातले शास्त्रज्ञ करतात. मात्र लाखो पाकिटं तयार करणं, ती साठवणं, गावोगावच्या कृषी सेवा केंद्रापर्यंत पोहोचवणं ही यंत्रणा विद्यापीठाकडे नसते. ती कंपनीकडे किंवा महाबीजसारख्या महामंडळाकडे असते. वाण एकाचं, बाजारपेठ दुसऱ्याची. या दोघांना जोडणारा कागद म्हणजे करार. वाण कोण वापरणार, किती वर्षं, विद्यापीठाला किती स्वामित्वशुल्क म्हणजे रॉयल्टी मिळणार आणि बियाण्याच्या दर्जाची जबाबदारी कोणाची, हे त्यात ठरतं.

नांदेड-44 चा जमाना

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात हा संकरित वाण तयार झाला आणि 1984 साली प्रसारित झाला. हे केंद्र परभणीच्या आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. कोरडवाहू रानात तग धरणारा, रसशोषक किडींना बऱ्यापैकी सहन करणारा आणि एक बहार गेला तरी पुन्हा फुटवा घेणारा वाण म्हणून त्याचं नाव झालं. मराठवाडा, विदर्भ आणि शेजारच्या राज्यांतही तो मोठ्या प्रमाणावर लागत होता. विद्यापीठानं वाण द्यायचा, महाबीज आणि इतरांनी बियाणं पुरवायचं, अशी ती साखळी होती.

2002 नंतर गणित बदललं

मार्च 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातल्यामुळे बोंडअळीला मारक असं प्रथिन झाडातच तयार होऊ लागलं. जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचं, तर ते आपल्याकडच्या संकरित वाणात आणलं जालन्याच्या महिको कंपनीनं. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. फवारणीचा खर्च वाचतोय म्हटल्यावर शेतकरी झपाट्यानं तिकडे वळला. काही वर्षांतच देशातल्या बहुतांश कपाशीवर बीटी आलं.

नांदेड-44 मध्ये मात्र बीटी नव्हतं. झाड काटक, पण बोंडअळीपुढे हात टेकायचं. त्यामुळे चांगला वाण असूनही तो दुकानातून हळूहळू दिसेनासा झाला. विद्यापीठाकडे वाण होता, कंपनीकडे जनुक होतं, पण दोन्ही एका पाकिटात येत नव्हते.

महाबीजसोबत पुन्हा बाजारात

पुढे विद्यापीठ आणि महाबीज यांनी एकत्र येऊन हा वाण बीजी-2 स्वरूपात आणला. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. संकरित वाणाचे नर आणि मादी असे दोन मूळ वाण असतात. त्यांचा बीटी कपाशीशी संकर करायचा, मग येणारी पिढी पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच जोडायची. असं करत गेलं की जुने गुण टिकतात आणि बीटीचा गुण आत राहतो. याच पद्धतीनं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-2 हा वाणही महाबीजमार्फत बीटी स्वरूपात आला.

या भागीदारीतून खासगी पाकिटांसोबत सरकारी संशोधनाचा पर्याय दुकानात परत आला. पण उशीर झाला, हेही खरं. मधल्या काळात शेतकऱ्याकडे निवडीला फारसा वाव नव्हता.

पैसा कोणाच्या खिशातून?

करारातली रॉयल्टी शेवटी पाकिटाच्या किमतीत येते. सुरुवातीच्या वर्षांत बीटीचं 450 ग्रॅमचं पाकीट 1600 रुपयांच्या आसपास होतं आणि त्यात मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार याविरोधात मक्तेदारी आयोगाकडे गेलं. त्यानंतर तिथे पाकीट 750 रुपयांवर आलं आणि इतर राज्यांतही दर उतरले. 2016 पासून केंद्र सरकार कमाल दर ठरवतं. त्या वर्षी बीजी-2 पाकिटावर 49 रुपये शुल्क होतं, 2020 मध्ये ते शून्य झालं.

करारानं सगळं सुटत नाही

बीटी म्हणजे कायमचं कवच नव्हे. गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली. 2017 च्या हंगामात राज्यात तिनं कपाशीचं किती नुकसान केलं, ते शेतकरी विसरलेले नाहीत. पाकीट विद्यापीठाच्या वाणाचं असलं तरी बीजी-2 जनुक तेच आहे. त्यामुळे कामगंध सापळे लावणं, वेळेवर वेचणी करून फरदड न घेणं आणि पऱ्हाट्या शेतात न ठेवणं हे करावंच लागतं.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

• संकरित कपाशीचं बियाणं घरचं धरू नका. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

• सोयाबीनसारख्या पिकाचं सरळ वाणाचं बियाणं घरचं वापरता येतं. परभणीचा एमएयूएस-71 किंवा राहुरी विद्यापीठाचा फुले संगम ही त्याची उदाहरणं. पेरणीआधी उगवणशक्ती मात्र तपासा.

• पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला बियाणं साठवणं, पेरणं, दुसऱ्याला देणं, विकणं याचा हक्क आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावानं पाकीटबंद करून विकता येत नाही, एवढीच अट.

• याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत वाणानं सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिलं नाही, तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो.

• पक्कं बिल, रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बियाणं उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करा. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते.

बातमी वाचताना विचारायचे तीन प्रश्न

पुढच्या वेळी विद्यापीठ-कंपनी कराराची बातमी दिसली की तीन गोष्टी पाहाव्यात. वाणाची मालकी कोणाकडे राहते? बियाणं एकाच कंपनीला मिळणार की अनेकांना? आणि पाकिटाच्या दरावर मर्यादा आहे का? जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या शिवार फेरीत हे प्रश्न थेट शास्त्रज्ञांना विचारता येतात. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालतं, त्यामुळे विचारण्यात संकोच बाळगण्याचं कारण नाही.