लायसन्स आहे, पण गाडी कोण देणार?

जून २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलं की वाहतुकीची वाहनं चालवण्यासाठी असलेली 'आठवी पास'ची अट आता काढून टाकायची. हरियाणा सरकारने मेवात भागातल्या ड्रायव्हरांसाठी तशी मागणी केली होती. त्या निवेदनात एक आकडा होता, देशात जवळपास २२ लाख ड्रायव्हरांची कमतरता आहे असा. आता दुसरी बाजू बघा. जड वाहनाचं लायसन्स नुकतंच हातात पडलेला एखादा पोरगा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला, तर त्याला पहिला प्रश्न येतो: आधी कुणाकडे चालवलीस? कुणाकडेच नाही म्हटलं की विषय संपला. माणसं मिळत नाहीत म्हणून ओरडायचं आणि आलेल्या माणसाला परत पाठवायचं, हे एकाच वेळी कसं चालतं?

पगार कमी, घरापासून दूर राहावं लागतं, पोलिसांचा त्रास, ही उत्तरं तुम्हाला लगेच सुचतील. ती खरी आहेत, पण ती ड्रायव्हर का टिकत नाही याची उत्तरं आहेत. नवा माणूस आतच का येत नाही, हा प्रश्न वेगळा आहे. संशोधनाचा विषय निवडताना असे दोन प्रश्न एकमेकांना चिकटून येतात. ते आधी सोडवून घ्या, नाहीतर वर्षभर डेटा गोळा करून शेवटी भलत्याच प्रश्नाचं उत्तर हातात येतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे ट्रक ड्रायव्हरची पहिली नोकरी अर्ज करून मिळायची नाहीच. क्लीनरच्या जागेवर बसता बसता माणूस तिच्यात शिरायचा. ती जागा गेली, आणि तिच्याबरोबर आत जायचा दरवाजाही गेला.

थोडं मागे जाऊ. १९३० च्या दशकात सरकारला चिंता होती ती रस्त्याने रेल्वेचं उत्पन्न पळवण्याची. मिचेल-कर्कनेस समितीने याच स्पर्धेचा अभ्यास केला, आणि पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात परमिटची जी चौकट बसवली, तिच्यामुळे लांब पल्ल्याची मालवाहतूक बराच काळ आखडलेलीच राहिली. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीतले दहातले जवळजवळ नऊ हिस्से रेल्वेकडे होते. म्हणजे ट्रक ड्रायव्हर हा धंदा म्हणून मोठा झाला तो स्वातंत्र्यानंतर. महायुद्धाच्या शेवटी भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. त्यात गाडी चालवायला शिकलेले पुष्कळ जण होते, आणि युद्ध संपल्यावर ते घरी परतले. १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार झाला. गाड्या वाढल्या, पण ड्रायव्हर तयार करणारी शाळा कुणीच काढली नाही. ते काम गाडीच्या केबिनमध्येच झालं.

केबिनमधली ही शाळा कशी होती? डाव्या बाजूला क्लीनर. गावाकडे याला सरळ 'किन्नर' म्हणतात, शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. वयाने पंधरा-सोळा, कधी त्याहूनही लहान. बहुतेक वेळा ड्रायव्हरचा भाचा, गाववाला किंवा गाववाल्याचा कुणीतरी. सकाळी काच पुसायची, हवा-पाणी-ऑइल बघायचं, ताडपत्री ओढून दोर आवळायचा, फाळका लावायचा, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड ठेवायचा, गाडी मागे घेताना बॉडीवर थाप मारून अंदाज द्यायचा, जकात नाक्यावर कागद घेऊन खिडकीकडे पळायचं. पगार नावाला. जेवण उस्तादाबरोबर. दोन-तीन वर्षांनी कधीतरी रात्री, गाडी खाली असताना, सरळ रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, घे. मग कांद्याच्या नाहीतर उसाच्या हंगामात मालकाला एक माणूस कमी पडला की उस्तादच शब्द टाकायचा: पोरगा तयार आहे. लायसन्स बऱ्याचदा त्यानंतर यायचं!

म्हणजे कायद्याचा क्रम आणि रस्त्यावरचा क्रम बरोबर उलटे. कायदा म्हणतो आधी लर्निंग, मग परीक्षा, मग परवाना, मग नोकरी. रस्त्यावर आधी नोकरी, मग शिक्षण, मग विश्वास आणि सगळ्यात शेवटी कागद. आणि मालक जे बघायचा ते गाडी चालवण्याचं कौशल्य थोडंच होतं? लाखोंचा माल आणि लाखोंची गाडी घेऊन हा माणूस आठ-दहा दिवस नजरेआड जाणार. तो डिझेल विकणार नाही, माल गायब करणार नाही, अपघात झाला तर गाडी सोडून पळणार नाही, याची हमी आरटीओ देत नाही. ती उस्ताद द्यायचा.

आता तुमच्या कामाचा प्रश्न. या सगळ्याचा पुरावा कुठे शोधायचा? आरटीओच्या नोंदीत परवाना कुणाला दिला ते कळतं, नोकरी कशी लागली ते कळत नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत क्लीनरला नाव घेऊन कामगार म्हणायचा, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालायचा. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक इतके, की मोठा भाग त्या कायद्याच्या आणि त्याच्या रजिस्टरांच्या बाहेरच राहिला.

पुरावा सापडतो तो भलत्याच कपाटात. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्कॅन्डिया विमा कंपनीच्या प्रकरणात एक निकाल दिला. विम्याचे वकील हा निकाल आजही वाचतात, पण मला तो कामगार-इतिहासाचा दस्तऐवज वाटतो. घटना साधी. ड्रायव्हर ट्रक थांबवून, इंजिन चालूच ठेवून, रस्त्यापलीकडे खायला आणायला गेला. केबिनमध्ये क्लीनर होता, त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. त्याने गाडी हलवली आणि अपघात झाला. कंपनी म्हणाली, बिनपरवाना माणूस चालवत होता, अटीचा भंग झाला, आम्ही पैसे देणार नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. मालकाने परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता, त्याने स्वतः अट मोडलेली नाही, त्यामुळे कंपनीची जबाबदारी कायम.

निकाल बाजूला ठेवा आणि फक्त त्या केबिनकडे बघा. चालू इंजिन, रिकामी सीट, शेजारी शिकायला उत्सुक पोरगा. ही परिस्थिती देशभर रोज किती केबिनमध्ये येत असेल? नोंद मात्र तेव्हाच झाली, जेव्हा काहीतरी बिघडलं. मी विज्ञान शाखेतून आलो, म्हणून मला हे नमुना-निवडीचं उदाहरण वाटतं. कोर्टाच्या कागदांत फक्त फसलेले प्रयत्न दिसतात. उलट तुम्ही ढाब्यावर बसून जुन्या ड्रायव्हरांच्या मुलाखती घेतल्या, तर फक्त टिकलेले भेटतात, आणि ते सांगतात की मार खाल्ला म्हणून शिकलो. मार खाऊन पळून गेलेला क्लीनर ढाब्यावर नसतो, तो कुठेतरी गवंड्याच्या हाताखाली असतो. दोन साधनं, दोन उलट दिशांचे झुकाव. एकाच साधनावर प्रबंध उभा केलात तर एकतर केबिन म्हणजे गुन्ह्याची जागा होईल, नाहीतर गुरुकुल. दोन्ही खोटं.

एसटीशी तुलना करून बघा म्हणजे चित्र जास्त स्पष्ट होतं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. प्रवासी वाहतूक सरकारकडे गेली, मालवाहतूक खासगीच राहिली. त्यामुळे एकाच राज्यात ड्रायव्हर व्हायचे दोन रस्ते झाले. एसटीला जाहिरात, अर्ज, चाचणी, वैद्यकीय तपासणी, ट्रकला उस्ताद. पण एसटीच्या जाहिरातीतही जड वाहन चालवल्याच्या अनुभवाची अट असायची. तो अनुभव पोरांनी कुठून आणायचा? सरकारी दरवाजासुद्धा त्या बिनकागदी शाळेच्या भरवशावर उभा होता, ही गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही.

मग ती शाळा बंद कशी पडली? एका दिवसात नाही. ट्यूबलेस टायर आले, पंक्चर कमी झाले. मोबाइल आले, मालकाला गाडी कुठे आहे ते बसल्या जागी कळू लागलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले आणि खिडकीकडे पळण्याचं कामही गेलं. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा जुना नियम होता, ड्रायव्हरच्या मागे झोपायची जागा त्याचसाठी. तो नियम किती पाळला जायचा हा वेगळा विषय, पण नवशिक्याला बसवायला कागदावर तरी एक सीट होती. २०१८ मध्ये तीही अट निघाली. यातला प्रत्येक बदल स्वतंत्रपणे बघितला तर शहाणपणाचाच आहे, आणि लहान पोरांना असं राबवणं थांबलं तर चांगलंच. मात्र क्लीनरचा खर्च वाचवणाऱ्या प्रत्येक मालकाने उद्याचा ड्रायव्हर तयार करण्याचं काम शेजारच्या मालकावर ढकललं, आणि शेजाऱ्यानेही तेच केलं.

आजचा नवा मुलगा वेगळ्या वाटेने येतो. वाहतूक वाहनाचं लर्निंग काढायला आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात लागतो आणि वय २० पूर्ण लागतं. त्यामुळे सुरुवात होते छोटा हत्तीपासून. ही गाडी २००५ मध्ये आली. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पार्सल, भाजी, दूध, शहरातल्या शहरात फेऱ्या: इथे पहिली नोकरी तुलनेने लवकर लागते. पण छोटा हत्ती आणि चौदा चाकी यांच्यामध्ये जी पायरी होती, तिथे आता कुणी बसलेलं नाही. घाटात भरलेली गाडी कोणत्या गिअरमध्ये उतरवायची, हे शहरातल्या फेऱ्यांत शिकता येत नाही.

हा विषय कुणाला घ्यायचा असेल तर सुरुवात मुलाखतींपासून करू नका. आधी आपल्या जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे जुने निकाल बघा. ट्रकच्या प्रकरणांत साक्षीदार म्हणून क्लीनर येतो. त्याचं वय काय, गाव कोणतं, ड्रायव्हरशी नातं काय, गाडीवर किती दिवसांपासून होता, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता करा, आणि मग ढाब्यावर जा.